वादळात उपयोगी पडेल ती सौरवीज

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने विजेचे खांब आडवे झाले आणि दक्षिण रायगडमधील कित्येक गावे काही आठवडे अंधारात राहिली. पाण्याचे पंप थांबले, मोबाइल बंद पडले. घरी मधुमेहाचा रुग्ण असलेल्यांपुढे प्रश्न होता, इन्सुलिन ठेवायचे कुठे?

पुढच्या वादळात अशा वेळी आधार ठरू शकतील अशा जागांपैकी एक म्हणजे सामाजिक संस्थांची कार्यालये. पेणजवळ, मुंबई-गोवा महामार्गालगतच्या रामवाडीसारख्या ठिकाणी आसपासच्या वाड्या-पाड्यांतून माणसे सहज येऊ शकतात. तिथल्या एखाद्या संस्थेने गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे ठरवले, तर पहिला प्रश्न बिल किती वाचेल हा नसावा. ‘लाइट गेल्यावर हे चालेल का?’ हा असावा.

कारण बहुतेकांना ठाऊक नसते, की नेहमीची ग्रिडला जोडलेली सौरयंत्रणा वीज गेली की भर उन्हातही बंद पडते. हा बिघड नाही, ती सुरक्षेची सोय आहे. अशा यंत्रणेचा इन्व्हर्टर ग्रिडच्या विजेशी ताल जुळवून चालतो. ग्रिड बंद असताना गच्चीवरची वीज तारांमध्ये जात राहिली, तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. म्हणून ग्रिड गेली की इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो.

यावर उपाय म्हणजे हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी. वीज गेली की हा इन्व्हर्टर इमारतीला ग्रिडपासून तोडतो आणि पॅनेल व बॅटरीवर निवडक उपकरणे चालवतो. ‘निवडक’ हा शब्द महत्त्वाचा. सगळे कार्यालय बॅटरीवर चालवायचे म्हटले, तर खर्च आवाक्याबाहेर जातो. त्यामुळे अत्यावश्यक उपकरणांचे वायरिंग वेगळे काढून घ्यावे.

हिशेब सोपा आहे. लहान फ्रिजला दिवसाला साधारण एक युनिट लागते. चार एलईडी ट्यूब सहा तास, कमी वीज खाणारे दोन पंखे दहा तास, दिवसभर इंटरनेटचा राउटर आणि वीसेक मोबाइलचे चार्जिंग, हे सगळे मिळून आणखी पावणेदोन ते दोन युनिट. म्हणजे दिवसाला तीन युनिट. पाच युनिट क्षमतेची बॅटरी ऊन अजिबात नसतानाही हा भार सुमारे दीड दिवस पेलू शकते. बंद कुप्यांमधले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहते आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करता येतो.

एक किलोवॉटच्या पॅनेलना साधारण दहा चौरस मीटर मोकळी जागा लागते आणि स्वच्छ उन्हात दिवसाला चारच्या आसपास युनिट मिळतात. तीन किलोवॉटची यंत्रणा लहान कार्यालयाला एरवी पुरून उरते. उरलेली वीज नेट मीटरद्वारे महावितरणच्या जाळ्यात जाते आणि बिलातून वजा होते. पावसाळ्यात मात्र निर्मिती बरीच घटते. आषाढ-श्रावणात ऊन किती मिळते, हे मूर्ती वाळवणाऱ्या पेणच्या कारागिरांना सांगावे लागत नाही. हिशेब त्याच दिवसांचा धरावा.

कोकणात पॅनेलइतकाच सांगाडाही महत्त्वाचा. वादळी वारा पॅनेल खालून उचलू पाहतो, म्हणून सांगाडा स्लॅबमध्ये भक्कम रोवावा लागतो. पण स्लॅबला पाडलेली भोके नीट बुजवली नाहीत, तर पहिल्याच पावसात छत गळते. हे काम उन्हाळ्यातच उरकावे आणि वॉटरप्रूफिंग तपासूनच पैसे चुकते करावेत. खाडीकडच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड गंजते. त्यामुळे जस्ताचा जाड थर दिलेला सांगाडा आणि स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट घ्यावेत. माडाच्या झावळीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी त्या ओळीतल्या इतर पॅनेलची वीजही घटू शकते. अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर नको. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने सुधागड तालुक्यातले जांभूळपाडा उद्ध्वस्त केले होते. अशा जिल्ह्यात बॅटरी आणि इन्व्हर्टर तळमजल्यावर जमिनीलगत ठेवू नयेत.

पैशाचा प्रश्न उरतोच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटसाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते, पण ते घरगुती ग्राहकांना. संस्थेच्या कार्यालयाला देणगीदार किंवा कंपन्यांचा सामाजिक निधी यांवर भिस्त ठेवावी लागते. बॅटरी पॅनेलच्या आधी बदलावी लागते. तिच्यासाठी पहिल्या वर्षापासून थोडी रक्कम बाजूला टाकलेली बरी.

यंत्रणा बसली की एक चाचणी स्वतः करावी. दुपारी बारा वाजता मेन स्विच बंद करून पाहावा. फ्रिज सुरू राहिला, तर यंत्रणा वादळासाठी तयार. थांबला, तर गच्चीवर आहे ती फक्त बिलाची बचत.