नजर खेचणारं मुखपृष्ठ

कॉमिकच्या मुखपृष्ठाला गिऱ्हाइकाचे जेमतेम दोन-चार क्षण मिळतात. तेवढ्यात ते काय साधतं, हे ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८च्या पहिल्या अंकावर छान दिसतं. जो शुस्टरच्या या चित्रात निळ्या-लाल पोशाखातला सुपरमॅन हिरवी मोटार उचलून खडकावर आपटतोय आणि कोपऱ्यातला माणूस डोकं धरून पळत सुटलाय.

डोळा आधी उजेड-अंधाराच्या कडा टिपतो. त्यामुळे पिवळ्याधमक पार्श्वभूमीवर गडद आकृती लगेच उठून दिसते. तिरकी मोटार स्थिर वाटत नाही, पुढची हालचाल मेंदूच पुरी करतो. माणसाच्या चेहऱ्याकडे नजर आपसूक वळते, आणि इथे कोपऱ्यातल्या माणसाचा चेहरा भेदरलेला आहे. मोटार उचलणारा नायक की खलनायक, हे मात्र चित्र सांगत नाही. त्यासाठी अंक उघडावाच लागतो.

जागेचंही गणित असतं. स्टॉलवर अंक एकमेकांवर सरकवून ठेवले की बऱ्याचदा डावी कडाच दिसते. म्हणून १९६३मध्ये चित्रकार स्टीव्ह डिटकोच्या सूचनेवरून मार्व्हल या कॉमिक प्रकाशनाने वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीत नायकाचं छोटं चित्र छापायला सुरुवात केली. आज मोबाइलवर अख्खं मुखपृष्ठ नखाएवढं दिसतं, तेव्हा ठळक आकृती आणि मोजके रंग आणखीच महत्त्वाचे ठरतात.