रंगीत रॅस एकत्र नांदवायचे तर

खडकवासल्याला धरणाचे गोडे पाणी, समुद्र लांब. तरी काचपेटीत प्रवाळ आणि त्यात निळे-लाल 'रॅस' मासे ठेवावेत, असे मुलांना वाटते. हौस जरूर करावी. पण आधी हिशेब मांडावा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे ३०० लिटरच्या पेटीला साडेदहा किलो सागरी मीठ लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. नुसत्या पाण्याचेच वजन ३०० किलो भरते.

आता माशांचे. रॅसच्या अनेक जातींत नर नाहीसा झाला की थोरली मादीच नर होते! एका जातीचे दोन नर एकत्र ठेवू नयेत, ते भांडतात. गरीब, लहान मासे आधी सोडावेत, दांडगे शेवटी. आधी आलेला दांडगा सारी पेटी आपलीच समजतो. लपायला दगडांत कपारी असाव्यात. काही जाती रात्री वाळूत शिरून झोपतात. त्यांना बारीक वाळूचा जाड थर द्यावा. घाबरलेला रॅस उडी मारतो, म्हणून वर जाळीचे झाकण हवेच.

हे मासे बहुधा समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. आपल्या हयगयीने मेलेला मासा समुद्रातूनच कमी होतो.

आणि मालवणच्या सहलीहून प्रवाळाचा तुकडा कधीही आणू नये. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच रांगेत आहे. घरात शोभेला ठेवलेला तुकडा तुरुंगाची वाट दाखवू शकतो. हे मुलांना आधीच समजावून सांगावे.