साथीदाराने साथ का सोडली?

गावोगावच्या संगीतसभांच्या निमंत्रणपत्रिका वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना त्यांतील अक्षरांच्या आकारांचा हिशेब पाठ असतो. गायकाचे नाव ठसठशीत टाइपात, प्रमुख पाहुण्यांचे त्याहूनही थोडे मोठे (येथे कोणी हसू नये, वर्गणी तेच देतात), आणि अगदी तळाशी, मुद्रकाच्या नावाच्या किंचित वर, 'संवादिनी' आणि 'तबला' या दोन शब्दांपुढे दोन नावे. कधी कधी तीही नसतात. 'स्थानिक कलावंतांची साथ' एवढ्यावर भागते. काही वर्षांपूर्वी वर्ध्यातल्याच एका सभेत गायकाला शाल-श्रीफळ देऊन झाले, आभारप्रदर्शन आटोपले, सतरंज्या गुंडाळल्या जाऊ लागल्या, तेव्हा कोणाला तरी आठवले की तीन तास पेटीवर बसलेल्या गृहस्थांचे नाव घ्यावयाचेच राहिले आहे. ते गृहस्थ तोवर पेटीला गवसणी घालून शेवटची बस गाठण्यासाठी निघून गेले होते.

हा प्रसंग मी विसरूनही गेलो असतो. तो पुन्हा आठवला तो ९ नोव्हेंबर २०२४ रोजी पंडित रामनारायण मुंबईत निवर्तल्याचे वाचले तेव्हा. त्यांच्या मृत्युलेखांत एक वाक्य बहुतेक सर्वत्र होते : साथीचे वाद्य मानल्या गेलेल्या सारंगीला त्यांनी स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. वाक्य खरे आहे, आणि पद्मश्री, पद्मभूषण व पद्मविभूषण हे तिन्ही सन्मान ज्याला मिळाले त्या वादकाविषयी ते आदराने लिहिले जावे हेही योग्यच. तथापि त्या वाक्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो कोणी फारसा विचारीत नाही. प्रतिष्ठा मिळवावयाची तर साथ सोडावीच लागते, असे आपल्याकडे का असावे?

हा प्रश्न किती खास आपला आहे हे समजण्यासाठी थोडे दूर जावे लागेल. पाश्चात्त्य संगीतात चेलो नावाचे वाद्य आहे. व्हायोलिनच्याच कुळातले, पण पुष्कळ मोठे. वादक बसून ते दोन्ही गुडघ्यांत धरतो आणि गजाने वाजवतो. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत शब्दांखालून जो एक घनगंभीर स्वर वाहत असतो, तो अनेकदा याच वाद्याचा असतो. त्याचा पूर्वेतिहास सारंगीपेक्षा फार वेगळा नाही. अठराव्या शतकात चेलोवाल्याचे मुख्य काम म्हणजे इतरांच्या सुरावटीला खर्जाचा आधार देणे. बाखने १७२० च्या सुमारास एकट्या चेलोसाठी सहा रचना लिहून ठेवल्या होत्या, पण सर्वसाधारण रसिकांच्या लेखी त्या पुढे जवळजवळ दीडशे वर्षे अस्तित्वातच नव्हत्या. १८९० मध्ये बार्सिलोनाच्या एका दुकानात पाब्लो कसाल्स या तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती त्यांची प्रत लागली. हा मुलगा त्या वेळी एका कॅफेत तिघांच्या ताफ्यात वाजवून पैसे मिळवीत होता. त्याने पुढे बारा वर्षे त्या रचनांचा रियाझ केला, मग त्या लोकांपुढे वाजवावयास घेतल्या आणि १९३६ ते १९३९ या काळात त्यांचे ध्वनिमुद्रणही केले. चेलो हे एकट्याने सभा जिंकू शकणारे वाद्य आहे, हे जगाला प्रामुख्याने कसाल्समुळे पटले.

येथपर्यंतची कथा रामनारायणांच्या कथेशी मिळतीजुळती आहे. फरक पडतो तो यापुढे. जगप्रसिद्ध झाल्यावर कसाल्सने कॅफेतला तिघांचा मेळ तुच्छ मानला नाही. उलट पियानोवादक कोर्तो आणि व्हायोलिनवादक थिबो यांच्याबरोबर त्याने नवा मेळ उभा केला आणि वर्षानुवर्षे तो चालविला. तीन-चार वादकांनी एकत्र बसून, कोणी मुख्य आणि कोणी साथीदार असा भेद न ठेवता वाजवावयाच्या या संगीताला तिकडे चेंबर म्युझिक, म्हणजे दिवाणखान्यातले संगीत, म्हणतात. नामवंत एकलवादकाने त्यात भाग घेणे हा कमीपणा नसून ती त्याची खरी परीक्षा समजली जाते. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. रामनारायणांचा जन्म १९२७ चा. त्याच वर्षी बाकू येथे रोस्ट्रोपोविच हा रशियन चेलोवादक जन्मला. चेलोवर त्याच्या तोडीचा वादक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्वचितच झाला असेल. त्याने गिलेल्स आणि कोगान यांच्यासह तिघांचा मेळ केला हे तर झालेच, पण पत्नी गालिना विश्नेव्स्काया ही गायिका मैफलीला उभी राहिली की हाच मनुष्य चेलो बाजूला ठेवून पियानोवर तिच्या साथीला बसत असे. त्यामुळे त्याच्या कीर्तीला रेसभरही उणेपणा आला नाही.

आता रामनारायणांकडे वळू. उदयपूरजवळच्या खेड्यात वाढलेला हा मुलगा. वडील शेती करीत आणि दिलरुबा वाजवीत. घरात एक लहानशी सारंगी सापडली आणि मुलाने ती हातात घेतली. सारंगी हे काही दयाळू वाद्य नव्हे. एकाच लाकडातून कोरलेले, तातीच्या तीन मुख्य तारा, त्यांखाली पस्तीसच्या आसपास तरफा. आणि तारेवर बोटाचे पेर दाबावयाचे नाही, तर नखाच्या मुळाशी असलेली कातडी बाजूने भिडवावयाची. वर्षानुवर्षांच्या रियाझाने नखांवर खाचा पडतात. १९४४ मध्ये रामनारायण लाहोरच्या नभोवाणी केंद्रावर नोकरी मागावयास गेले ते गायक म्हणून. तेथील संगीतविभागाच्या प्रमुखांचे लक्ष त्यांच्या नखांवरील खाचांकडे गेले, आणि त्यांना काम मिळाले ते सारंगीवादकाचे. सतरा वर्षांचा तरुण आपण सारंगिये आहोत हे न सांगता दारात उभा राहतो, ही गोष्ट त्या काळाविषयी एखाद्या ग्रंथाइतके सांगून जाते.

ही लाज कोठून आली? वाद्यातून खचित नाही. सारंगी पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांच्या कोठ्यांवर वाजली आणि तो शिक्का तिच्यावर कायम बसला. ज्या लाहोरात रामनारायणांना नोकरी मिळाली, त्याच लाहोरात १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुस्करांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले होते. त्या चळवळीचे उपकार आपल्या मध्यमवर्गावर एवढे आहेत की ते मोजू नयेत. आपल्या आज्या आणि आया सभ्य घरांत राहून गाऊ शकल्या त्या त्यामुळे. परंतु संगीत कोठ्यावरून शाळेत आणताना जे सामान मागे टाकले गेले, त्यात सारंगी होती. शाळेत आली ती पेटी. मराठी रंगभूमीने मात्र सारंगीला बराच काळ सांभाळले. गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला हे वैभव होते, आणि ती नाटके पाहणाऱ्यांत पागोटीवाले वकील व शिक्षक कमी नव्हते. म्हणजे नाटकगृहात चालणारी सारंगी घरात चालत नव्हती. आपली सभ्यता अशी जागा पाहून वागते.

आणखी एक गंमत आहे. ज्यांचे नाव घेताना आपण कानाला हात लावतो, त्या किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ सारंगियांच्याच कुळातले. अमीर खाँ यांचे वडील सारंगीवादक. रामनारायणांनी लाहोरात ज्यांच्याकडे तालीम घेतली, ते अब्दुल वहीद खाँही सारंगी शिकलेले होते. ख्यालगायकीचा मोठा भाग सारंगीच्या घरांतून आला, आणि गायक होताच त्या घरांनी सारंगी खुंटीला टांगली.

फाळणीनंतर रामनारायण दिल्ली केंद्रावर आले. ओंकारनाथ ठाकूर, बडे गुलाम अली खाँ, हिराबाई बडोदेकर अशा थोरांना त्यांनी साथ केली. (हिराबाई अब्दुल करीम खाँच्या कन्या, मंचावर सारंगी आणि तिच्या कुळातली लेक शेजारी बसली होती, पण एकीच्या नावावर सभा होती आणि दुसरी तिच्यामागे होती.) त्यांच्या सुरेलपणाची काही गायकांनी तारीफ केली, काहींना मात्र हा साथीदार मर्यादेबाहेर वाजवतो असे वाटे. दोन्ही मते एकाच वेळी खरी असू शकतात. साथीदाराचे काम गायकाच्या सावलीसारखे मागून जाण्याचे; ज्याच्या मनात स्वतःचा राग उभा आहे त्याला ते किती काळ साधावे? १९४९ मध्ये ते मुंबईस आले आणि चित्रपटांच्या वादकवृंदांत वाजवू लागले. त्याच वादकवृंदांत गोव्याकडचे कित्येक वादक व्हायोलिन आणि चेलो घेऊन बसत. 'मुगल-ए-आझम', 'गंगा जमुना' अशा चित्रपटांच्या संगीतात रामनारायणांची सारंगी आहे, पण पडद्यावर वा तबकडीवर तिचे नाव शोधू नये.

१९५४ मध्ये त्यांनी मुंबईच्या कावसजी जहांगीर सभागृहात एकट्याने सारंगी वाजविली. श्रोत्यांना पुढच्या नामवंतांची घाई होती. त्यांनी गोंधळ करून वादन आवरते घ्यावयास लावले. सारंगी सोडून गाण्याकडे वळावे असे त्यानंतर त्यांच्या मनात आले होते. पण ते लहान मैफलींतून वाजवीत राहिले, आणि १९५६ मध्ये मुंबईच्याच एका महोत्सवात श्रोत्यांनी त्यांना ऐकले. त्यानंतर त्यांनी साथ करणे थांबविले. हा निर्णय पोटाच्या दृष्टीने धोक्याचा होता, कारण एकट्या सारंगीला बोलावणारे त्या वेळी थोडेच होते. १९६४ मध्ये तबलावादक बंधू चतुरलाल यांच्यासह ते युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले आणि पुढची हकीकत सर्वश्रुत आहे.

मला येथे थोडे थांबावेसे वाटते. त्यांनी साथ सोडली याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. दुसरा मार्ग आपण ठेवलाच नव्हता. परंतु त्या निर्णयाची किंमत त्यांच्या एकट्यावर पडली नाही. सर्वोत्तम सारंगीवादकाला गायकाच्या मागे बसणे परवडेनासे झाले, तेव्हा गायकाच्या मागे पेटी उरली. पेटीला व्यावहारिक कारणेही अनुकूल होती हे मान्य केले पाहिजे. गायकाची पट्टी बदलली की सारंगीच्या तरफा पुन्हा जुळवाव्या लागतात. पेटीवाला केवळ पट्टी बदलतो. आकाशवाणीने १९४० मध्ये संवादिनीवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हावयास १९७० चे दशक उजाडावे लागले. ती बंदी अन्यायाची होती याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पण तिच्या आडोशाने नभोवाणीच्या केंद्रांवर सारंगीवादकांचे पगार चालू राहिले. नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. आमच्या वर्ध्यातल्या कित्येक घरांनी सारंगी प्रथम ऐकली असेल ती त्या केंद्रावरूनच. आज भजनी मंडळापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत सर्वत्र पेटी आहे आणि तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मींडेचा एक स्वर दुसऱ्यात विरघळताना मात्र पेटीला पायऱ्या उतराव्या लागतात, आणि अशा जागा गायकाला आता एकट्यानेच भरून काढाव्या लागतात.

कोणी म्हणेल, आपल्याकडेही पु. ल. देशपांडे वसंतराव देशपांड्यांच्या गाण्याला पेटीवर बसत नव्हते काय? बसत होते, आणि तो आनंद ज्यांनी घेतला ते धन्य. पण पु.लं.ची प्रतिष्ठा लेखणीतून आलेली होती; पेटीवर बसून त्यांचे काही जाणार नव्हते. गोविंदराव पटवर्धनांनी मात्र आयुष्यभर साथ केली, स्वतंत्र वादनही केले, आणि दोन्हीकडे त्यांना मान मिळाला. असे उदाहरण शोधावे लागते, यातच सारे आले.

रामनारायणांनी पुढे मुंबईच्या एनसीपीएमध्ये सारंगी शिकविली. परंपरेबाहेरच्या, परदेशी विद्यार्थ्यांनाही शिकविली. त्यांची कन्या अरुणा नारायण आणि नातू हर्ष सारंगी वाजवितात. वाद्य मेलेले नाही. प्रश्न त्याच्या मंचावरील जागेचा आहे, आणि ती जागा सरकारने वा अकादमीने नव्हे, तर गणेशोत्सव-शारदोत्सवाच्या समित्यांनी, म्हणजे तुम्हीआम्ही, ठरवावयाची असते.

एक साधी सूचना करतो. पुढच्या सभेत गायकाआधी साथीदाराला अर्धा तास द्यावा. पेटी असो, व्हायोलिन असो, नागपूरहून कोणी सारंगीवाला आणता आला तर फारच उत्तम. मग त्यानेच मागे सरकून गायकाला साथ करावी. बिदागी गायकाच्या पाकिटातून न देता समितीने स्वतंत्रपणे, आधी ठरवून द्यावी. गायक मंडळी नाराज होतील असे समितीतल्या एका स्नेह्यांनी बोलून दाखविले. कार्यक्रम लांबेल आणि हिंगणघाटकडची माणसे उठून जातील, असेही ते म्हणाले. हिंगणघाटच्या माणसांचा प्रश्न खरा आहे; त्यासाठी सभा अर्धा तास आधी सुरू करता येईल. गायकांचे काय करावयाचे, ते पत्रिका छापण्यापूर्वी ठरविले पाहिजे.