बेळगावातील भाड्याचे घर

बेळगावात नव्याने रुजू होणारा निवासी डॉक्टर, परिचारिका किंवा प्राध्यापक प्रथम घर शोधतो, आणि ती चौकशी फिरून फिरून आपणां डॉक्टरमंडळींकडेच येते. कारण उघड आहे. आपल्यापैकी कित्येकांनी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बिऱ्हाड ठेवले आहे, कित्येकांनी गुंतवणूक म्हणून एखादा फ्लॅट घेऊन ठेवला आहे. तेव्हा भाड्याचा विषय स्मरणिकेत येण्यास हरकत नसावी.

शहरातील भाड्यांचा नकाशा शिक्षणसंस्थांनी आखला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९६३ मध्ये जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ आले, पुढे जिल्हा रुग्णालयास जोडून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. रात्रपाळी करणाऱ्यास घर जवळ हवे असते आणि त्यासाठी तो चार पैसे अधिक मोजतो. म्हणून नेहरूनगर, सदाशिवनगर, शिवबसवनगर या बाजूस लहान फ्लॅट रिकामा राहत नाही. टिळकवाडी-हिंदवाडीची गोष्ट निराळी. तेथे बागेसह उभे असलेले जुने बंगले पाडून अपार्टमेंट झाली. भाडेकरू बहुधा कुटुंबवत्सल, आणि घर पहिल्या रेल्वे गेटजवळ की तिसऱ्या, यावरही भाव ठरतो. (२०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभे राहिल्यावर भाडी गगनाला भिडतील, असे भाकीत झाले होते. दहा-पंधरा दिवसांच्या अधिवेशनाने लॉजवाल्यांची चंगळ होते, फ्लॅटमालकांची नव्हे.)

घरमालकांच्या मनातील धास्ती मात्र जुनी आहे. हा भाग मुंबई राज्यात असताना येथे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा होता, नंतर कर्नाटकाचा १९६१ चा आला. गल्ल्यांमधील वाड्यांतून वर्षानुवर्षे तेच भाडे देणारी कुळे याच कायद्यांच्या आधाराने राहिली आणि दुरुस्तीअभावी वाडे खचले. १९९९ चा भाडे कायदा २००१ च्या अखेरीस अमलात आला आणि ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक भाड्याची घरे त्याच्या कक्षेबाहेर गेली. तरीही ‘कूळ लागेल’ ही भीती गेलेली नाही. अकरा महिन्यांचा करार हे तिचेच अपत्य. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून मुदत अकरा महिन्यांवर थांबते आणि दरवर्षी पाच-दहा टक्के वाढ गृहीत धरली जाते.

कोल्हापूर-पुण्याच्या पाहुण्यांना चकित करणारा प्रकार म्हणजे ‘लीज’, ज्याला कन्नडमध्ये भोग्य म्हणतात. भाडेकरूने काही लाख रुपये एकरकमी द्यायचे, दोन-तीन वर्षे घर वापरायचे, मासिक भाडे नाही. मुदत संपली की रक्कम बिनव्याजी परत. मालकाचे भाडे म्हणजे त्या रकमेवरील व्याज. येथेच गोम आहे. २०१३-१४ च्या सुमारास बँकेची मुदत ठेव नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज देत असे. तेव्हा पाच लाखांवर महिन्याला ३,७५० रुपये पडत. २०२०-२१ मध्ये दर साडेपाचच्या आतबाहेर आला आणि त्याच पाच लाखांचे जेमतेम २,३०० होऊ लागले. तेवढेच भाडे सुटावे म्हणून मालकास तेव्हा आठ लाखांहून अधिक मागणे भाग पडले. व्याजदर उतरला की लीजची रक्कम चढते, हे साधे गणित पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

या व्यवहारात भाडेकरूची सारी पुंजी अडकते. तळहातावर पोट असलेल्या वॉर्डबॉयने बायकोचे दागिने मोडून लीज भरावी आणि घर आधीच बँकेकडे गहाण असल्याचे मागाहून कळावे, याहून मोठी आपत्ती कोणती? गहाण आधीचे असेल तर कर्ज थकताच बँकेचा हक्क पुढे येतो आणि भाडेकरू मालकाच्या मागे धावत राहतो. उपनिबंधक कार्यालयातून बोजाचा दाखला काढणे, करार नोंदवणे आणि पैसे धनादेशाने देणे, एवढे तरी आपल्या दवाखान्यातील माणसांसाठी आपण स्वतः पाहावे.

आता मालकाच्या बाजूने पाहू. समजा, पन्नास लाखांचा फ्लॅट बारा हजारांनी दिला. वर्षाचे १,४४,००० झाले, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. त्यातून घरपट्टी, सोसायटीचा खर्च, रंगरंगोटी. कर्ज काढून घेतला असेल तर हप्त्यातील व्याजही यातून निघत नाही. ‘कटकट नको’ म्हणून असे फ्लॅट कुलूपबंद राहतात, मुले परदेशी असलेल्या घरांचे वरचे मजलेही. निवृत्त जोडप्याचा औषधखर्च भाड्यावर चालतो, त्यांच्या सावधपणास मी नावे ठेवणार नाही. परंतु एकट्या परिचारिकेस ‘आम्ही फॅमिलीलाच देतो’ असे सांगून वाटेस लावणे समर्थनीय नाही. तिची रात्रपाळी गैरसोयीची वाटते, आणि तीच रात्री आपल्या रुग्णांच्या उशाशी उभी असते.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादित ठेवली आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो बंधनकारक नाही. मालकांना हे स्वेच्छेने करता येईल. घर सोडताना रंगकामाचे किती कापणार, हेही करारातच लिहावे. बहुतेक तंटे तेथेच सुरू होतात.