हळदीची पिकअप आणि पाट्यांचं गणित

होळीच्या आगेमागे वसमत, औंढा, कळमनुरीच्या शिवारांत हळदीचे बॉयलर पेटतात. शिजलेली हळद वाळते, ड्रममध्ये पॉलिश होते, कट्ट्यांत भरली जाते आणि मग पिकअपमध्ये चढते. आखाड्यावरून पांदण, पांदणीवरून कॅनॉलच्या भरावाची वाट, पुढे डांबरी, आणि शेवटी वसमतचा मोंढा नाहीतर हिंगोलीचं संत नामदेव मार्केट यार्ड. 'वसमत हळदी'ला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुकही झालं. ती हळद यार्डात आणणाऱ्या गाडीचा विषय मात्र निघतो तो गाडी कलंडल्यावरच.

ही गाडी जीपच्या घराण्यातली. 1945 मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी 1947 पासून मुंबईत विलीज जीप जुळवू लागली. त्या जीपपासून आजच्या पिकअपपर्यंत इंजिन बदललं, केबिन बदललं, बऱ्याच गाड्यांचा पुढचा सस्पेन्शनही बदलला. मागची बाजू मात्र जवळपास तीच राहिली : जाड चासी, अखंड ॲक्सल आणि त्याला यू-बोल्टने आवळलेले पाटे. हे पाटे दोन कामं करतात. ओझं पेलतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. ॲक्सल गाडीला सरळ धरून ठेवण्याचं कामही त्यांचंच, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात नसतं. गाडीची निम्मी दुखणी या विसरण्यातून येतात, असं माझं मत आहे.

ड्रायव्हरची तक्रार दोन-तीन शब्दांची असते. गाडी ओढते, स्टेअरिंग थरथरतं, गाडी पळते किंवा झुलते. गॅरेजात ती ऐकली की पहिला हात टायरॉडकडे जातो, आणि दोन टायरॉड एंड बदलून बिल होतं. जाणता मिस्त्री मात्र आधी उलटे प्रश्न विचारतो. भरलेली असताना होतं की रिकामी असताना? ब्रेक दाबल्यावर, की नुसतं पळताना? किती वेगाला? या उत्तरांतच निम्मं निदान होतं, आणि त्याला पाना लागत नाही.

थरथरीचंच घ्या. ताशी साठच्या वेगाला पिकअपचं चाक सेकंदाला सात-आठ फेरे घेतं. साठ-सत्तरच्या टप्प्यात स्टेअरिंग हाणतं आणि वेग बदलला की शांत होतं, तर पहिला संशय चाकाच्या समतोलावर घ्यायचा. आपल्याकडे त्याचं एक कारण पुस्तकात ठळक सापडणार नाही, ते म्हणजे काळी माती. ऑक्टोबरात ओल्या रानातून सोयाबीन काढून आणलं की रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचा थर बसतो. दोन दिवसांत तो वाळून दगडासारखा होतो आणि एका बाजूने गळून पडतो. उरलेला थर चाकाला एकांगी जड करतो. अशा वेळी पहार घेऊन रिम आतून खरवडणं आणि पाण्याचा फवारा मारणं एवढाच इलाज. त्यापायी नवे टायर घेणारे मालकही असतात.

वेगाने नव्हे, तर एखाद्या खड्ड्याने थरथर सुरू होत असेल आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ती जात नसेल, तर रोग वेगळा. तिथे ढिलाई शोधायची. एकाने केबिनमध्ये बसून इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. ज्या सांध्यात एक भाग हलतो आणि पुढचा उशिरा हलतो, तो दोषी. मग पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवायचं. चाक हललं, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं, तर बेअरिंग ढिलं. तरीही हलत राहिलं, तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. या चाचणीला एक पैसा लागत नाही. तरी ती रोज होत नाही, कारण तिला खाली झोपावं लागतं.

ओढण्याची गोष्ट त्यामानाने सोपी. हवा सारखी करूनही ओढ राहिली, तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी घालून पाहायचे. ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचा. नाही गेली, तर थोडं चालवून हबजवळ हात न्यावा. एक बाजू चटका देण्याइतकी तापली असेल, तर तिथला ब्रेक धरून बसलाय. ज्यांची गाडी फोर व्हीलची आहे, त्यांनी चिखलातून बाहेर आल्यावर तो लिव्हर परत टाकला का, हे आधी पाहावं. कोरड्या डांबरीवर फोर व्हील लागून राहिलं, तर वळणात पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात, स्टेअरिंग जड होतं आणि निरोगी गाडी आजारी ठरते.

आता पाटे. हंगामाआधी 'एक पाटा वाढवून द्या' अशी मागणी होते. जास्त माल बसावा, मागची बाजू बसू नये, एवढाच हेतू. पाटा वाढला की रिकाम्या गाडीची मागची बाजू उचलली जाते. तीन मीटर व्हीलबेसच्या गाडीची मागची बाजू साडेसात सेंटिमीटर वर गेली, तर सगळी चासी जवळपास दीड अंश पुढे झुकते. तेवढाच पुढच्या चाकांचा कॅस्टर कमी होतो. वळल्यावर स्टेअरिंगला आपोआप सरळ आणणारा हाच कोन. तो मुळातच थोड्या अंशांचा असतो, त्यातला दीड गेला की गाडी रस्त्यावर इकडे-तिकडे पळू लागते आणि ड्रायव्हर सतत सावरत बसतो. तीच गाडी कट्ट्यांनी मागून ठासून भरली की नेमकं उलटं होतं : पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टेअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. दोन्ही तक्रारींचं मूळ मागे, पण पैसे खर्च होतात पुढे.

याहून वाईट म्हणजे पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटणं. यू-बोल्ट ढिले राहिले की त्याच्यावर ताण येतो, तो कापला जातो आणि ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो. गाडी मग खेकड्यासारखी तिरकी चालते. मागून येणाऱ्याला ते दिसतं, चालवणाऱ्याला जाणवत नाही. त्याला फक्त स्टेअरिंग थोडं वाकडं धरावं लागतं. ओळखायला फूटपट्टी पुरते. दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या पिनपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर मोजा. फरक पडला, तर अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी नेण्यात अर्थ नाही. आधी ॲक्सल जागेवर आणा.

कलंडण्याचं गणित मात्र कुठल्याच मिस्त्रीच्या हातात नसतं. 1980 साली अमेरिकेत एका टीव्ही कार्यक्रमात सीजे-5 जीप वळणात उलटताना दाखवली गेली आणि उंच, अरुंद गाड्यांच्या स्थैर्याचा प्रश्न तिथे घरोघरी पोचला. पुढे त्याच चर्चेतून एक साधं सूत्र रूढ झालं : दोन चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. आपल्या पिकअपला लावून पाहा. चाकांमधलं अंतर 1.4 मीटर आणि रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य 70 सेंटिमीटरवर धरला, तर उत्तर 1 येतं. गाडी कागदावर 45 अंश झुकेपर्यंत तोल राखते. कट्टे केबिनच्या वर रचून तोच मध्य 1.1 मीटरवर नेला, की उत्तर 0.64 आणि कोन साडेबत्तीस अंशांवर येतो. पांदणीत एका बाजूची चाकं फूटभर खोल चाकोरीत गेली, की बारा अंश तिथेच खर्च होतात. त्यात पाटे आणि टायर खालच्या बाजूला दबतात, माल सरकतो, आणि घाईत असलेला ड्रायव्हर त्याच क्षणी स्टेअरिंग वळवतो. उरलेले वीस अंश कागदावरच राहतात.

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेल्या हिंगोली जिल्ह्याचे मुख्य रस्ते बरेच सुधारले आहेत. पांदणीचं तसं म्हणता येत नाही. म्हणून गाडीवाल्यांना विनंती अशी की पाटा वाढवण्याचे पैसे या वर्षी राखून ठेवा आणि त्याऐवजी एक खेप वाढवा. जड कट्टे खाली आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे रचा. अलाइनमेंट करायची, तर सगळी ढिलाई काढल्यावर शेवटी करा. आणि पाट्यांना हात लावलाच असेल, तर पहिल्या भरलेल्या खेपेनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.