खेळत्या नातवंडांची टाचदुखी

शाळा सुटताच पाठीवरचे दप्तर आजोबांच्या हाती देऊन मैदानाकडे धाव घेणारे मूल एखाद्या दिवशी सावकाश, टाच उचलून चालू लागते. विचारले तर ‘काही नाही’ म्हणते. पुढे काही दिवसांनी मात्र खेळून घरी आल्यावर टाच धरून बसते. आई-वडील नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असणाऱ्या घरांत हा बदल प्रथम आजी-आजोबांच्याच नजरेस पडतो. म्हणूनच हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

अशा वेळी घरात सहसा दोन मते निघतात. एकाला वाटते, सराव टाळण्यासाठी हे सोंग आहे. दुसऱ्याला वाटते, आता खेळ कायमचा बंद केलेला बरा. दोन्ही मते मुलावर अन्याय करणारी आहेत. वेदना खरी असते, पण तिच्यापायी मैदान सोडण्याचे कारण नसते.

आपली टाच आणि मुलाची टाच

उतारवयातील टाचदुखी आपल्या परिचयाची असते. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की तळव्यात टाचेपाशी कळ उठते आणि चार पावले चालल्यावर ती ओसरते. तळव्याला आधार देणाऱ्या जाड पट्ट्याचे ते दुखणे असते. क्ष-किरण चित्रात टाचेच्या हाडाला काटा आलेला दिसला की आपण सारा दोष त्या काट्याला देतो.

मुलांचे दुखणे निराळे असते. त्यांची टाच प्रामुख्याने मागच्या बाजूस आणि कडांना दुखते. धावण्याने, उड्या मारण्याने वेदना वाढते आणि विश्रांतीने कमी होते. त्यामागे काटा नसतो. हाडाची वाढ असते. बोस्टनचे अस्थिरोगतज्ज्ञ जेम्स वॉरन सीव्हर यांनी 1912 मध्ये या विकाराचे वर्णन केले, त्यामुळे तो ‘सीव्हर्स डिसीज’ या नावाने ओळखला जातो. नावात ‘डिसीज’ असला तरी रोग म्हणून धास्ती घ्यावी असे त्यात काही नाही.

टाचेत नेमके काय घडते?

बालपणी टाचेच्या हाडाच्या मागच्या टोकाला हाडाचा एक छोटा स्वतंत्र भाग तयार होतो. मुख्य हाड आणि हा भाग यांच्यामध्ये मऊ कूर्चेचा थर असतो. साधारण 14 ते 16 वर्षांच्या सुमारास दोन्ही भाग एकजीव होतात. तोपर्यंत ही जागा नाजूक राहते.

याच भागाला पोटरीच्या स्नायूंची जाड कंडरा वरून ओढते आणि तळव्याचा पट्टा खालून ताणतो. मूल झपाट्याने उंच होते तेव्हा हाडे लवकर लांब होतात, पोटरीचे स्नायू मात्र तुलनेने आखूड व ताठ राहतात. त्यात धावणे, उड्या आणि टणक जमिनीवरचे आघात यांची भर पडली की तो नाजूक भाग दुखू लागतो. म्हणून ही तक्रार प्रामुख्याने 8 ते 14 या वयात आढळते. फुटबॉल, खो-खो, बॅडमिंटन, बास्केटबॉल आणि धावण्याच्या शर्यती यांत रमणाऱ्या मुलांत ती विशेष दिसते. नृत्याचा नियमित सराव करणाऱ्या मुलींनाही ती होऊ शकते.

परीक्षेसाठी दोन महिने बसून काढलेले मूल उन्हाळी शिबिरात एकदम रोज तीन तास धावू लागते, तेव्हा हे दुखणे हमखास डोके वर काढते.

ओळखावे कसे?

मुलाची टाच दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत धरून हलकेच दाबावी. तेथे नेमकी वेदना झाली तर या विकाराची शक्यता बळावते. अनेक मुलांच्या दोन्ही टाचा दुखतात. बाहेरून सूज किंवा लाली बहुधा दिसत नाही. त्यामुळेच ‘सोंग’ हा आरोप मुलाच्या वाट्याला येतो. निदान मुख्यतः तपासणीवरून होते. दरवेळी क्ष-किरण चित्र काढण्याची गरज नसते. वाढत्या वयात हा भाग निरोगी मुलांतही तुकड्या-तुकड्यांचा दिसू शकतो आणि घरचे विनाकारण घाबरतात.

खेळ थांबवावा की चालू ठेवावा?

खेळ बंद करू नये, मापात आणावा. खेळताना किंचित दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते मावळले, तर तेवढा खेळ चालतो. मूल लंगडू लागले, किंवा दुसऱ्या सकाळीही टाच दुखत राहिली, तर आदल्या दिवशीचा खेळ जास्त झाला असे समजावे. मग काही दिवस धावणे-उड्या थांबवून पोहणे किंवा सायकल चालवणे सुरू ठेवावे आणि वेदना ओसरल्यावर हळूहळू मैदानावर परतावे. प्रशिक्षकांनाही याची स्पष्ट कल्पना द्यावी. नाहीतर संघातून वगळले जाण्याच्या भीतीने मूल वेदना लपवते.

घरी काय करावे?

खेळानंतर बर्फ पातळ कापडात गुंडाळून टाचेवर दहा ते पंधरा मिनिटे धरावा. थेट त्वचेवर ठेवू नये.

दोन्ही बुटांत टाचेखाली मऊ गादी घालावी. टाच किंचित उंचावली की कंडरेचा ताण कमी होतो. बुटाची टाच भक्कम आणि तळ जाड असावा. पुढच्या वर्षीही व्हावेत म्हणून एक माप मोठे बूट घेण्याची आपली सवय येथे नडते. दुखत असेपर्यंत घरातील फरशीवरही अनवाणी न फिरता मऊ चप्पल घालावी.

पोटरीचा ताण द्यावा. भिंतीवर हात टेकवून एक पाय मागे घ्यावा, गुडघा सरळ आणि टाच जमिनीवर टेकलेली ठेवून पुढे झुकावे. वीस ते तीस सेकंद थांबून प्रत्येक पायाने तीन वेळा, दिवसातून दोनदा करावे. पोटरीत ताण जाणवावा, टाचेत वेदना नको. आजी-आजोबांनी शेजारी उभे राहून सोबत केली तर मूल कंटाळत नाही.

काही गोष्टी मात्र टाळाव्यात. तापवलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेकण्याचा जुना उपाय मुलांवर करू नये. कोवळी त्वचा भाजते, शिवाय रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. आपल्या डब्यातील वेदनाशामक गोळी अर्धी करून मुलाला देऊ नये. लहान मुलांत ॲस्पिरिनमुळे यकृत व मेंदूचा दुर्मीळ पण घातक विकार उद्भवू शकतो. औषध लागलेच तर मुलाच्या वजनानुसार डॉक्टर ते ठरवतील. कॅल्शियमच्या गोळ्यांनी ही वेदना थांबत नाही आणि टाचेत इंजेक्शन देण्याचीही येथे गरज नसते.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

रात्री झोपेतून जागे करणारी वेदना, ताप, टाचेवर सूज, लाली किंवा उष्णता, पडल्यानंतर पाय टेकता न येणे, वजन घटणे, सकाळी बराच वेळ सांधे आखडलेले राहणे, यांपैकी काहीही आढळले तर विलंब न करता तपासणी करून घ्यावी. जंतुसंसर्ग, अस्थिभंग, संधिवात किंवा क्वचित हाडाची गाठ यांची शक्यता तेव्हा तपासावी लागते. चार ते सहा आठवडे काळजी घेऊनही आराम नसेल, तरीही दाखवावे.

बहुतेक मुले काही आठवड्यांत, काही जण काही महिन्यांत बरी होतात. उंची वाढण्याच्या काळात दुखणे पुन्हा उद्भवू शकते, तेव्हा हेच उपाय पुन्हा सुरू करावेत. हाडाचे दोन्ही भाग जुळून आले की ते कायमचे थांबते आणि मागे व्यंग उरत नाही. तोवर एका वहीत रोज दोनच नोंदी ठेवाव्यात: आज किती वेळ खेळ झाला आणि सकाळी टाच कशी होती. तपासणीच्या वेळी ती वही आम्हा डॉक्टरांना फार उपयोगी पडते आणि आपले दुखणे घरात कोणीतरी खरे मानते आहे, हे मुलालाही कळते.