तहान आणि आठचा गजर
(लेखमाला : किडनीची गोष्ट – भाग ६)

मागच्या आठवड्यात आपण ऑपरेशन थिएटरपर्यंत आलो होतो. जुन्या, निकामी किडन्या बहुधा काढत नाहीत. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला, बहुतेक वेळा उजवीकडे बसवतात, हे पाहिलं. रुग्ण घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "आता बरं आहे ना?" आजचा भाग या 'बरं' शब्दाविषयी.

आधी प्रत्यारोपणापूर्वीचे दिवस पाहू. डायलिसिसवरच्या माणसाच्या उशाशी बऱ्याचदा एक बाटली दिसते. सकाळी मोजून भरलेली, रात्रीपर्यंत पुरवायची. लघवी जवळपास थांबलेली असल्यामुळे अनेकांना दिवसभरात सगळं मिळून लिटरभराच्या आत भागवावं लागतं. चहा, ताक, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्याच हिशेबात. घसा फारच कोरडा पडला तर बर्फाचा खडा चघळायचा, आणि तोही मोजायचा. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात. या माणसाला "नको" म्हणावं लागतं, तेही तहान लागलेली असताना.

आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यायची आपली रीत. इथे तेच शहाळं घात करू शकतं, कारण त्यातलं पोटॅशियम बाहेर टाकायला किडनी उरलेली नसते आणि वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं. म्हणून बटाटासुद्धा चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी ओतून द्यायचं आणि मगच फोडणीला टाकायचा. चव त्या पाण्याबरोबरच जाते.

डायलिसिस सहसा आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. निरोगी किडनी आठवड्याचे १६८ तास काम करते. मशीन करतं बारा. मधल्या दिवसांत साठलेलं पाणी या चार तासांत खेचून काढायचं, म्हणून पायात गोळे येतात, रक्तदाब उतरतो, आणि घरी आल्यावर उरलेला दिवस झोपेत जातो. शिवाय रक्त तयार करण्याचा इशारा देणारं संप्रेरक किडनीच बनवते. ते मशीनला जमत नाही. त्यामुळे हिमोग्लोबिन घसरतं आणि जिना चढताना दोनदा थांबावं लागतं.

अशा अवस्थेतही माणसं कामं करतात. आणीबाणीतल्या तुरुंगवासात जयप्रकाश नारायण यांच्या किडन्या निकामी झाल्या. १९७५च्या नोव्हेंबरात सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. १९७७चं सत्तांतर घडवलं तेव्हा हा माणूस डायलिसिसवर जगत होता. १९७९मध्ये जाईपर्यंत मशीन सुटलं नाही.

आता प्रत्यारोपणानंतरचं. जिवंत दात्याची किडनी असेल तर अनेकदा टेबलावरच लघवी सुरू होते. पुढचे काही दिवस नर्स तासातासाला लघवी मोजते आणि घरचे तो आकडा परीक्षेच्या निकालासारखा ऐकतात. मग डॉक्टर सांगतात, "पाणी भरपूर प्या, रोज अडीच-तीन लिटर." काल घोट मोजणाऱ्याला आज पाणी कमी प्यायलं म्हणून बोलणी बसतात! तोंडाची चव परतते, अंगाची खाज जाते, चेहऱ्यावरचा काळसरपणा हळूहळू निवळतो. गावाला जायचं तर तिथे डायलिसिसची सोय आहे का, हे आधी विचारावं लागत नाही. तरुण स्त्रियांची पाळी पुन्हा नियमित होऊ शकते. अमेरिकेत १९५६मध्ये जुळ्या बहिणीची किडनी मिळालेल्या एडिथ हेल्म यांना १९५८मध्ये मुलगा झाला. प्रत्यारोपणानंतरचं ते पहिलं बाळंतपण.

मात्र बाटलीच्या जागी आता घड्याळ येतं. शरीर परकी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधं बारा-बारा तासांनी घ्यायची, म्हणजे सकाळी आठ, रात्री आठ, मोबाइलमध्ये गजर लावून. लग्नाच्या पंगतीत असा, नाहीतर एसटीत असा. रक्तातली औषधाची पातळी तपासायची त्या सकाळी मात्र आधी रक्त द्यायचं आणि मगच गोळी घ्यायची; उलट झालं तर आकडा खोटा येतो. ग्रेपफ्रूट आणि पपनस वर्ज्य, कारण त्यांनी ही पातळी वाढते. याच औषधांनी हात थरथरतात, सोबतच्या स्टिरॉइडने चेहरा गोल होतो, कुणाला नव्याने मधुमेह जडतो. प्रतिकारशक्ती दाबलेली असल्यामुळे साधा ताप आला तरी दवाखाना गाठावा लागतो.

हे 'बरं' मोजताही येतं. 'एसएफ-३६' नावाची छत्तीस प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. जिना चढता येतो का, दुखण्यामुळे कामं अडतात का, मन उदास असतं का, असे तिचे प्रश्न. अशा मोजमापांतून वारंवार दिसलेलं चित्र असं : प्रत्यारोपणानंतर शरीराचे गुण डायलिसिसच्या तुलनेत चांगलेच वाढतात, मनाचे त्यामानाने कमी. निरोगी माणसाची बरोबरी सहसा होत नाही. कारण प्रत्येक रिपोर्टपूर्वी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी मंदावल्याची खूण) वाढलं तर नसेल ना, ही धास्ती असते. आईची किंवा बायकोची किडनी असेल तर 'तिची देणगी मी सांभाळतोय ना' हे ओझंही असतं. महिन्याच्या औषधांचा खर्च आयुष्यभराचा, तो वेगळाच.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. ज्याची तब्येत शस्त्रक्रिया झेलू शकते, त्याच्यासाठी प्रत्यारोपण डायलिसिसपेक्षा निःसंशय उजवं. पण तो आजाराचा शेवट नव्हे. जिवंत दात्याची किडनीसुद्धा सरासरी पंधरा-वीस वर्षं साथ देते, आणि कंटाळून किंवा पैसे नाहीत म्हणून बंद केलेल्या गोळ्या तिचं आयुष्य झपाट्याने घटवतात.

तुमच्या नात्यात असं कुणी असेल, तर "आता ठणठणीत दिसतोस, कशाला एवढ्या गोळ्या?" असं चुकूनही म्हणू नका. तो ठणठणीत दिसतो तो त्या गोळ्यांमुळेच.

(पुढच्या भागात : किडनी देणाऱ्याचं आयुष्य)